टाकीत कसा हाय

बसा. पण कप खाली ठेवून बसा. गरम चहा नाकातून बाहेर आला की माणूस कसा नाचतो ते मी बघितलंय, आणि पुन्हा म्हणाल भरमाण्णानं मुद्दाम केलं.

तसं मुद्दाम मी काय कमी केलंय? लग्नाच्या पंगतीत मिठाच्या वाटीत साखर मीच ठेवली होती. झोपलेल्या सरपंचांच्या मिशीला शेंदूर मीच फासला. शाळेनं मला चौथीत सोडलं, पण लोकांची खोड काढायचं मी सत्तरी उलटली तरी सोडलं नाही. आणि अशा मला, भल्याभल्यांना टोप्या घालणाऱ्या मला, कुणी गंडवलं असेल? दोन अक्षरांच्या एका शब्दानं!

एक मात्र आधीच सांगतो. गोष्ट हसायची आहे, पण हिच्यात एक माणूस मरतोय. नंतर माझ्यावर डोळे वटारायचे नाहीत.

तो माणूस म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. नंदगडच्या बाजूला एका खेड्यात त्यांची भाताची गिरणी होती. पोरं एक गोव्यात, एक पुण्यात. दाजींची दोन्ही मूत्रपिंडं बसली तेव्हा आक्कानं मला निपाणीकडनं बोलावून घेतलं.

"भरम्या, जल्मात एक तर कामाचं काम कर. ह्यांची गाडी चालीव."

गाडी डिझेलची, जुनी. घेतली तेव्हा पांढरी होती म्हणे. आता रंग नासलेल्या दुधाचा. तिच्यातून दाजींना आठवड्याला दोनदा बेळगावच्या दवाखान्यात न्यायचं, मशीनला जोडायचं, रक्त धुऊन परत आणायचं. सकाळी दहाचा नंबर. नंबर चुकला की अंगातलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत अंगातच. मागं एकदा चुकला होता. दाजींना मग आडवंच होता येईना. काठावर टाकलेल्या माशागत तोंड उघडं ठेवून खाटेवर बसून राहिले होते, आणि आक्का त्यांची पाठ चोळत होती. तेव्हापासून गाडी निघायला जरा उशीर झाला की आक्काचा चेहरा बघवायचा नाही.

दाजी मात्र थट्टेखोर. मेव्हण्याशी थट्टा करायची नाही तर कुणाशी? म्हणायचे, "भरमू, गाडीचा अन् माझा आजार एकच. फिल्टर गेलाय."

डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं, पाणी वाटीवर आणलं, आणि तंबाखू तर साफ बंद. तंबाखू बंद! आणि मेव्हणा निपाणीचा, तंबाखूच्याच गावचा! मी काय रिकाम्या हातानं गेलो असेन?

पण ठेवायची कुठं? आक्का दाजींचे खिसे चाचपायची, उशी झाडायची, माझी पिशवी उलटी करायची. शेवटी मी जागा शोधली. डिझेलच्या टाकीचं टोपण कधीच हरवलं होतं, तिथं मी जुन्या धोतराची विरलेली चिंधी सैलसर कोंबली होती. वरचं पत्र्याचं झाकण मात्र शाबूत. त्या झाकणाच्या आत, चिंधीच्या शेजारी, तंबाखूची पुडी! आक्काचा हात तिथं सात जन्मात गेला नसता.

वाटेत दाजी म्हणायचे, "भरमू, थांब. लघवीला जाऊन येतो."

आता गंमत बघा. ज्या माणसाला कित्येक महिने लघवीचा थेंब होत नाही, तो दर खेपेला लघवीला उतरतोय! आणि आक्का आत बसून देवाला हात जोडतेय, "गुण येतोय गं बाई, गुण येतोय!"

ते गाडीच्या मागं जायचे, झाकण उघडायचे, चिमूट मळायचे. हात थरथरायचे त्यांचे. निम्मी तंबाखू तोंडात जायची, निम्मी खाली. खाली म्हणजे कुठं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. मी पुढं बसून आक्काला 'व्हय, गुण येतोय' म्हणत होतो.

मग गाडी खोकायला लागली. चढ आला की धापा टाकायची आणि समोर एक पिवळा दिवा पेटायचा. खानापूरला बसू मेस्त्रीचं गॅरेज आहे, तिथं नेली. बसू म्हणजे डिझेलच्या बॅरलाएवढा कानडी गडी. गर्व एकाच गोष्टीचा, आपल्या मराठीचा. आणि मी तरी काय कमी? माझं कानडी बसच्या खिडकीतलं. पाटी वाचता येत नाही, पण भांडता येतं. तेव्हा मी त्याचा मान ठेवून कानडी बोलायचो, तो माझा मान ठेवून मराठी बोलायचा. दोघंही आपापल्या भाषेत बोललो असतो तर ही गोष्टच झाली नसती. मानपानानं घात केला बघा!

त्यानं गाडीला एक डबी जोडली, डबीत बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, सेन्सर गेला."

"सेन्सर? ते पिच्चरमधलं मुकं कापणारं?"

"ते न्हवं हो! हा इंजिनला सांगणारा. डिझेलचा दाब किती, हवा किती, सगळा सांगतोय."

"म्हंजे चुगलखोर."

"व्हय, तसाच."

चुगलखोर बदलला. दिवा गेला. आठवडा जातोय तोवर परत हजर! मग दुसरा सेन्सर बदलला. त्याचीही तीच तऱ्हा. मी म्हटलं, हा दिवा आता आक्कागतच झालाय, उगीच डोळे वटारतोय. आक्काच्या पाकिटातली एक मोठी टिकली काढली आणि दिली त्या दिव्यावर चिकटवून. गाडी सवाष्ण दिसायला लागली.

पुढच्या खेपेला बसूनं गाडीखाली शिरून नळ्या चाचपल्या, फिल्टर काढून बोटावर झटकला, वास घेतला. बाहेर आला आणि तोंड गंभीर करून म्हणाला, "अण्णा, टाकीत कसा हाय."

तुम्हीच सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मला वाटलं, डिझेल कसं आहे विचारतोय. डिझेलला 'कसं' पाहिजे, हा 'कसा' म्हणतोय, हे खटकलं मला. पण कानडी माणसाच्या मराठीत बैल आली आणि गाय आला. तेवढं चालवून घ्यायचं असतं. मी आपला छाती काढून म्हणालो, "बेस हाय की!"

बसू बघतच राहिला. "बेस हाय?"

"एकदम बेस! अस्सल!"

तो पोट धरून हसायला लागला. "अण्णा लई चेष्टा करतोय! टाकी उतरवू काय?"

"कशाला? बेस हाय म्हणलं न्हवं?"

मागच्या सीटवर दाजींना ठसका लागला. मी म्हटलं, छातीत पाणी चढलं असेल, चला लवकर. आणि गाडी काढली.

आता तो दिवस. आदल्या पाळीला मशीन बिघडलं होतं, निम्म्यातनंच उठवून दाजींना परत पाठवलं होतं. त्यामुळं सकाळपासनंच त्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, आणि बोलताना शब्दाशब्दाला दम लागत होता. आक्का त्यांना छातीशी टेकवून मागं बसली होती. "भरम्या, आज चुकला तर न्हाईत गावायचं हे," एवढंच म्हणाली.

खानापूर मागं टाकलं, बेळगावच्या रस्त्याला लागलो. गाडीनं दोन गचके दिले, एक उचकी दिली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन मेली. चावी फिरवली. नुसती कुरकुर. परत फिरवली. कुरकुरही नाही.

मी बसूला फोन लावला. "बसू, गाडी मेली रं!"

"दिवा पेटलाय?"

मी टिकली उचकटून बघितली. "पेटलाय. डोळं फाडून बघतोय माझ्याकडं."

"बॉनेट उघडा. फिल्टरजवळ काळा रबरी गोळा हाय, तो दाबा. दाबून सोडा. परत फुगतोय?"

दाबला. सोडला. "न्हाय रं. बसलाय तसाच. म्हातारीच्या गालागत."

"मंग कसा हाय, अण्णा! कसा!"

आता असल्या वेळी 'कसा हाय' म्हटल्यावर माणूस काय समजेल? मला वाटलं, चांगला गडी आहे, दाजींची चौकशी करतोय.

"कसा असंल? मराय टेकलाय!"

"कोण?"

"दाजी!"

"दाजीचा न्हाय सांगत मी! टाकीत! टाकीत कसा हाय!"

"अरं भाड्या, हितं माणूस चाललाय माझा, अन् तू डिझेलची खुशाली इचारतोस?"

"अण्णा, कसा काढा पैला!"

"तेच तर इचारतोय तुला, कसा काढू?"

"व्हय व्हय! कसा काढा!"

"कसा?"

"कसा!"

"अरं पर कसा?"

"अण्णा, कसाच!"

तेवढ्यात आक्का किंचाळली, "भरम्या, झटका आला रं ह्यांस्नी!"

वळून बघतो तर दाजींचं डोकं छातीवर पडलंय, डोळे मिटलेत, आणि खांदे गदागदा हलतायत. घशातनं खर्रखर्र आवाज. फोनात बसू ओरडत होता, "मी येतो, अण्णा! तुम्ही हात लावू नका कशालाबी!"

हात लावू नका म्हटल्यावर मी हात लावणार नाही, असं कधी झालंय? घाबरलेला माणूस आणि उघडं बॉनेट, लई वाईट जोडी! मी दिसेल त्या सेन्सरची वायर उपटली. चुगलखोर सगळे! फुंकर मारली, माझ्याच सदऱ्यानं पुसली, एकाला तर चपलेनं हाणलं. आणि परत लावायला गेलो तर कुठली वायर कुठली, कुणाला ठाऊक? इंजिनावर नुसत्या शेवया पसरल्या.

मग रस्त्यावर आलो आणि दोन्ही हात आडवे केले. मोटारी आल्या, गेल्या. ट्रॅक्टरवाल्यानं राम राम केला आणि गेला. बस भरलेली. कंडक्टरनं नुसता हात हलवला. आक्का आता रडत नव्हती. दाजींच्या ओठांकडं बघत होती. ओठ जांभळागत निळे पडले होते.

शेवटी एक बारकी गाडी भोंग्यावर गाणं लावून येत होती, ती थांबली. चालवणारी एक तरणी बाई. खाली वाकून म्हणाली, "काय झालं, अज्जा?"

"माणूस अत्यवस्थ हाय, बाई! बेळगावला सोड! पाया पडतो!"

तिनं आत बघितलं, आक्काकडं बघितलं, जरा संकोचली. "सोडते की. पर इदु कसद गाडी री, अज्जा."

"कसद?"

"कसा री, कसा!"

माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हिलाही लागण झाली काय? "कसा म्हंजे काय गं बाई?"

"कसा म्हंजे कचरा! पंचायतीची कचऱ्याची गाडी हाय ही. वास मारतंय. चालंल काय तुमास्नी?"

माझ्या डोक्यात लख्ख दिवा पेटला. आणि त्या दिव्यावर टिकली नव्हती!

टाकीत कसा हाय. टाकीत कचरा आहे! कसा काढा. कचरा काढा! बसू बिचारा सरळ सांगत होता, आणि मी 'बेस हाय, अस्सल हाय' म्हणून छाती बडवत होतो!

मी दाजींकडं बघितलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला होता. त्या निळ्या ओठांवर काय होतं माहीत आहे? हसू! झटका नव्हता तो. मघापासून हसत होते! दम नव्हता म्हणून आवाज फुटत नव्हता.

आक्का आणि दाजी पुढं त्या बाईच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. मी मागं. मागं म्हणजे कुठं, कळलं ना? कुजके टोमॅटो, नारळाच्या करवंट्या, कुणाच्या तरी पोराच्या घाण लंगोट्या, आणि मधोमध मी, सळईला धरून उभा. बेळगावात शिरलो तर सिग्नलला लोक नाकाला रुमाल लावायचे. मी सगळ्यांना सलाम ठोकत गेलो. मिरवणूकच माझी.

दवाखान्यात पोचलो तर दहा कधीच वाजून गेले होते. नर्स म्हणाली, "नंबर गेला तुमचा. दुसऱ्याला दिला."

आक्का तिथंच जमिनीवर बसली आणि दाजींचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. ते बघून त्या नर्सलाच काय वाटलं कुणास ठाऊक. आत जाऊन आली. "या. एक खाट रिकामी आहे. ते येळ्ळूरचे आजोबा आज आले नाहीत."

"का न्हाय आले?" आक्कानं विचारलं.

नर्सनं खाटेवरची चादर बदलायला घेतली. चादर नीट होती, तरी बदलली. आम्ही गुपचूप त्या जागेवर दाजींना झोपवलं. बसमध्ये एखादा उतरला की आपण लगेच टेकतो, तसं. सीट अजून गरम असते.

मशीन सुरू झालं. दाजींच्या तोंडावर हळूहळू रंग आला, तशी मी खुर्ची जवळ ओढली.

"दाजी, कानडी शाळेत शिकलासा तुमी. कसा म्हंजे काय ते ठावं होतं की तुमास्नी!"

"पयल्या दिवशीच."

"अन् बोलला न्हाईसा?"

"टाकी उतरली असती, पुडी गावली असती."

"अवो, आज जीव गेला असता तुमचा!"

त्यांनी दाराकडं बघितलं. आक्का नर्सशी बोलत होती. हळूच म्हणाले, "मशीनवर मेलेलं परवडलं, भरमू. तुझ्या आक्काच्या हातनं नको."

एवढ्यात बसू आला. हातात वर्तमानपत्राचा पुडा, तोंडभर अभिमान. आक्काच्या समोरच त्यानं तो उघडला. आत डिझेलनं माखलेले धोतराचे दोरे आणि काळा चिकट चुरा, ओंजळभर.

"हा बघा, अण्णा! हा कसा! एवढा कसा टाकीत! सेन्सर बिचारा खरा बोलत होता."

आक्कानं वाकून वास घेतला. निपाणीची लेक ती! डिझेलच्या वासातनंही तिला माहेर बरोबर सापडलं. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाजींकडं. दाजींच्या हातात दोन सुया, नळ्या, पळायची सोय नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला पळता आलं असतं, पण बसू दारात उभा होता, आणि बसू दारात असला की दार उरत नाही.

"लघवीला जात होता न्हवं?" आक्का म्हणाली. "गुण येत होता न्हवं?"

पुढचं मी सांगत नाही. त्या खोलीत मशीनला जोडलेले सहा पेशंट होते, त्या सगळ्यांचं रक्त त्या दिवशी दोनदा धुतलं गेलं असेल.

बसूनं टाकी धुतली, नवं टोपण बसवलं. मी उपटलेल्या वायरी जागेवर लावता लावता त्यानं कानडीत ज्या शिव्या घातल्या त्या मात्र मला सगळ्या कळल्या. गाडी झोकात पळायला लागली. पिवळा दिवा पेटायचा बंद झाला, तरी टिकली मी परत तिथंच चिकटवली. दाजींचा फिल्टर काही कुठल्या मेस्त्रीला बदलता आला नाही. पाळ्या चालू राहिल्या, पण मशीनवरनं उठल्यावर येणारा रंग दर खेपेला थोडा कमी यायचा.

शेवटी शेवटी ते लघवीला उतरायचेही बंद झाले. एकदा मीच मुद्दाम गाडी थांबवली. आक्कानं बाहेर तोंड फिरवलं, दिसत नसल्यागत. मी खिशातली चिमूट काढून दाजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली.

"दाजी, जीव कसा हाय?" मी विचारलं.

दाजी हसले. "व्हय," म्हणाले. "कसाच हाय आता."

त्यानंतर मशीनची एकच पाळी झाली.

आक्कानं कपाळ पुसलं. गाडीतल्या दिव्यावरची टिकली मात्र अजून आहे. काढायला माझा हात होत नाही, आणि आक्काही काढ म्हणत नाही.

आता शेवटचं ऐका आणि मग खुशाल चहा प्या. दाजींच्या बाराव्याला घर भरलं होतं. बसू मेस्त्री आला. धुतलेला पांढरा शर्ट, तोंड एवढंसं. माझ्याजवळ बसला, खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या उत्तम मराठीत म्हणाला, "अण्णा... आता कसा?"

विचारत होता का सांगत होता, देव जाणे! पण माझ्या जिभेला जुनी सवय. भर दुखवट्याच्या घरात, भटजी, पाहुणे, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात माझ्या तोंडातून गेलं, "बेस हाय की!"

सगळं घर वळून माझ्याकडं बघायला लागलं. पुण्याचा भाचा तर उठून उभा राहिला. मी मान खाली घातली. आणि आतनं, कितीतरी दिवसांनी, आक्काचा पहिल्यासारखा खणखणीत आवाज आला:

"बघतासा काय त्येच्याकडं? त्येचं दाजी तर आत्ता आत्ता कसा झालते. ह्यो पाळण्यात असल्यापास्नं कसाच हाय!"